तू कशासाठी धावतेस?

पालघरला झालेल्या आमच्या मागच्या शिबिराला मी दहा मिनिटं उशिरा पोचले. केस ओले होते, पायात धावायचे बूट तसेच होते. सकाळी धावून, आंघोळ उरकून बोईसर स्टेशनवर येईपर्यंत नेहमीची लोकल गेली होती. दाराशी बूट काढत असताना आमच्या एक ज्येष्ठ ताई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आपल्या बायका पाण्यासाठी धावतात. तू कशासाठी धावतेस गं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. मग दिवसभर आम्ही पाड्यांवरच्या पाण्याच्या ठरावाचा मसुदा केला आणि संध्याकाळच्या गाडीने आपापल्या घरी गेलो.

पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. ताईंचा मला आदर आहे. कोर्टाच्या पायऱ्या कशा चढायच्या हे मी त्यांच्याकडून शिकले. म्हणूनच त्यांच्या प्रश्नाला हसून सोडून देणं बरं वाटत नाही. शिवाय हा प्रश्न एकट्या ताईंचा नाही. गेल्या चार वर्षांत तो मला सासूबाईंनी विचारला आहे, कोपऱ्यावरच्या दूधवाल्याने विचारला आहे, तक्रार लिहून घेणाऱ्या पोलिसाने विचारला आहे. शब्द वेगळे, मुद्दा एकच. बाईच्या शरीराची हालचाल झाली की तिला कारण द्यावं लागतं, आणि ते कारण दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगाचं असावं लागतं. पाण्यासाठी धावली तर ठीक. मुलाची शाळेची गाडी चुकू नये म्हणून धावली तर ठीक. स्वतःसाठी धावली की हिशेब मागितला जातो. पुरुषप्रधान घराने तो मागितला तर आपण भांडतो. चळवळीने मागितला तर काय करायचं?

मैत्रिणींनो, मला या प्रश्नावर भांडायचं आहे.

ढाल कपाटात, मुलगी घरात

मी मूळची धावणारी नाही. मी कबड्डी खेळायचे. आठवीपासून पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत. पालघर तेव्हा तालुका होता (जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला), त्यामुळे आम्ही ठाणे जिल्ह्याच्या निवड चाचणीला जायचो. डावा कोपरा माझा. चढाई करणारीचा पाय आत आला की घोटा धरायचा आणि सुटू द्यायचा नाही, एवढंच माझं काम. ते मी बरं करायचे.

त्या काळात माझ्या शरीराला मान होता. क्रीडाशिक्षक घरी येऊन वडिलांना समजवायचे. "मुलगी आहे म्हणून काय झालं, पाठवा बिनधास्त." आई मला दोन अंडी जास्त द्यायची. हाफपँटला कुणी हरकत घेतली नाही, संध्याकाळी सात वाजता मैदानावरून येण्याला हरकत घेतली नाही. मला वाटायचं आमचं घर, आमची शाळा फार पुढारलेली आहे. आज कळतं की शाळेला ढाल हवी होती, कॉलेजला विद्यापीठाचे गुण हवे होते. ढाल कपाटात गेली आणि परवानगीही तिच्याबरोबर आत गेली. तेविसाव्या वर्षी मला सांगण्यात आलं, "आता खेळायचं वय गेलं."

तेविसाव्या वर्षी! आमच्याच मैदानावर सराव करणारे मुलगे पस्तिशीपर्यंत खेळत राहिले. आपल्याकडे गावोगाव, मंडळांमंडळांच्या स्पर्धा होतात. रात्री दिवे लावून सामने चालतात. त्यात पोट सुटलेला, दोन मुलांचा बाप असलेला खेळाडू उतरला की लोक कौतुकाने टाळ्या वाजवतात. दोन मुलांची आई उतरलेली मी एकदाही पाहिली नाही. ती सामन्याच्या दिवशी पाहुण्यांसाठी भाकऱ्या भाजत असते.

हे नुसतं आमच्या गावाचं दुखणं नाही, ते खेळाच्या नियमांतच शिरलेलं आहे. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. बायकांचं १२ बाय ८. पुरुषांचा अर्धा डाव २० मिनिटांचा, बायकांचा १५ मिनिटांचा. म्हणजे खेळायला जागाही कमी आणि वेळही कमी. आशियाई खेळांत पुरुषांची कबड्डी १९९० साली आली, बायकांची २०१० साली. पुरुषांची व्यावसायिक लीग २०१४ साली टीव्हीवर दिमाखात सुरू झाली. बायकांच्या वाट्याला २०१६ साली तीन संघांची छोटी स्पर्धा आली आणि दुसऱ्या वर्षी तीही नव्हती.

धावण्याचा इतिहासही असाच आहे. १९२८ च्या अ‍ॅम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा ८०० मीटर धावल्या. शर्यत संपल्यावर काही जणी दमून बसल्या, तर वर्तमानपत्रांनी बायका कोसळल्या म्हणून हाकाटी केली. त्यानंतर १९६० पर्यंत ऑलिंपिकमध्ये बायकांना ८०० मीटर धावू दिलं गेलं नाही. पुरुष शर्यतीनंतर दमले तर ते शौर्य. बाई दमली तर तो तिच्या गर्भाशयाला धोका! बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली ती थेट १९८४ साली. त्याआधी १९६७ साली बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्वित्झर धावत असताना एका अधिकाऱ्याने रस्त्यात तिला धरून तिचा क्रमांकाचा कागद ओढायचा प्रयत्न केला होता. ती तरीही पूर्ण अंतर धावली. आपण ज्याला 'साधं धावणं' म्हणतो ते इतकं साधं कधीच नव्हतं.

दम

मी धावायला लागले ती वजनासाठी नाही. एका दुपारी आमच्या केंद्रावर निरोप आला की जवळच्या वस्तीत एकीला मारहाण चालली आहे. मी आणि एक सहकारी निघालो. वस्तीचा चढ फार मोठा नाही, पण दाराशी पोचले तेव्हा मला इतकी धाप लागली होती की तोंडातून शब्द फुटेना. दोन मिनिटं मी चौकटीला धरून उभी. आणि ज्याला जाब विचारायला गेले होते त्याच नवऱ्याने मला पाण्याचा तांब्या पुढे केला! म्हणाला, "बसा मॅडम, दम खा." कोपऱ्यात ती बाई, ओठ फुटलेला, माझ्याकडे बघत होती. मी तिची बाजू घ्यायला आले होते आणि त्याच्या हातचं पाणी प्यायले.

पुढे ती केस नीट उभी राहिली, तो भाग वेगळा. पण ती दोन मिनिटं माझ्या डोक्यातून जात नव्हती. मी ३३ वर्षांची होते. एकेकाळी दम हाच माझा खेळ होता. दिवसाचे आठ तास खुर्चीवर समुपदेशन, मग कोर्टाच्या तारखा, मग अहवाल, मग घर. एम. एस. डब्ल्यू.च्या दोन वर्षांत आम्हाला दुसऱ्याचं ऐकून कसं घ्यायचं ते शिकवलं. ऐकणारीच्या शरीराचं काय होतं हा विषय अभ्यासक्रमात नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात पहाटे एका शाळेच्या मैदानावर गेले. कबड्डीच्या जुन्या घमेंडीत सुसाट सुटले आणि एक फेरीही पुरी झाली नाही. कबड्डीची चढाई ३० सेकंदांची असते. त्या ३० सेकंदांत सगळं शरीर पणाला लावायचं आणि परत मध्यरेषेला यायचं. त्यात दम धरायचा असतो, एका श्वासात. लांब धावताना नेमकं उलटं. दम धरला की संपलं. मला श्वास सोडायला शिकायला सहा महिने लागले. एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं. शेजारी कुणी असेल तर तिच्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने धावायचं. खेळाडू असल्याचा अभिमान बाजूला ठेवून सत्तरीच्या आजोबांना पुढे जाऊ द्यायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं. जुना दुखावलेला गुडघा कुरकुरायचा. त्यासाठी मांडीचे स्नायू बळकट करायचे व्यायाम वेगळे करावे लागले.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याच क्रीडापानावर छापून येत नाही. बाळंतपणानंतर धावायला लागलं की लघवीचे थेंब गळतात. मला वाटलं हे माझ्या एकटीचंच. शरमेने पंधरा दिवस धावणं बंद केलं. मग आमच्या बचतगटात सहज बोलले, तर एकीमागून एक बायका बोलायला लागल्या. खोकताना होतं, शिंकताना होतं, हंडा उचलताना होतं. कुणी दहा वर्षं कपडा ठेवते आहे, कुणी लग्नाकार्याला जाणं सोडलं आहे. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू बाळंतपणात ढिले पडतात आणि साध्या आकुंचनाच्या व्यायामाने बऱ्याच जणींना फरक पडतो, हे त्यातल्या एकीलाही कुणी सांगितलं नव्हतं. बाळाला डोस कधी द्यायचा ते सांगायला नर्सबाई घरी येतात. आईच्या शरीराचं पुढे काय, हे विचारायला कुणी येत नाही.

रस्ता कुणाचा

मैदानावरून मी रस्त्यावर आले, कारण शाळेने एक दिवस फाटकाला कुलूप लावलं. कारण विचारलं तर सांगितलं, "बाहेरचे लोक येतात." मुलग्यांचं क्रिकेट मात्र भिंतीवरून उड्या मारून चालूच राहिलं.

बोईसरचे रस्ते ज्यांना माहीत आहेत त्यांना पुढचं सांगायला नको. चिल्हारकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रक आणि टँकर. पदपथ असलाच तर त्याच्यावर टपरी किंवा गाडी. कुत्री. आणि माणसं. पहिल्या महिन्यात मला समजलं की एकाच रस्त्यावरून धावणाऱ्या पुरुषाला लोक बघतसुद्धा नाहीत, बाईला मात्र प्रत्येक जण काही ना काही देणं लागतो. सल्ला, शिट्टी, गाणं, नाहीतर नुसती नजर. "मॅडम, हळू." "मॅडम, कोण मागे लागलंय?" माझ्या मागे कोण लागलंय हा प्रश्न विचारणाराच मोटरसायकलवरून माझ्या मागे यायचा.

एक जण तीन आठवडे आला. पहाटे, दिवे बंद करून, दहा पावलं मागे. मी तक्रार द्यायला गेले. लिहून घेणाऱ्याने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "पण तुम्ही एवढ्या पहाटे एकट्या कशाला जाता?" मी कलम सांगितलं. पाठलाग हा २०१३ पासून गुन्हा आहे, आता भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमाखाली येतो. कलम ऐकल्यावर पेन परत हातात घेतलं गेलं. मला कलम माहीत होतं कारण ते माझं काम आहे. ज्या मुलीला ते माहीत नाही ती काय करेल? ती धावणं सोडेल. आणि आपण म्हणू, आजकालच्या मुलींना व्यायामाची आवडच नाही.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक लिहिलं. मुंबईतल्या बाईला सार्वजनिक जागेत विनाकारण रेंगाळण्याचा हक्क का नाही, हा त्यांचा प्रश्न. बाई रस्त्यावर दिसते ती कामावर जाताना, भाजी आणताना, मुलाला सोडताना. हातात पिशवी असली की ती सुरक्षित, कारण पिशवी म्हणजे तिचं कारण. मी सुरुवातीला खरोखरच हातात दुधाची किटली घेऊन निघायचे आणि वळणावर ती एका ओळखीच्या मावशींच्या ओट्यावर ठेवून धावायला लागायचे. हक्कांवर भाषणं करणारी मी, किटलीआड लपत होते. हे इथे कबूल करते.

हंडा आणि बूट

आता ताईंचा मुख्य मुद्दा. आपल्या जिल्ह्याच्या डोंगराळ भागात बायका उन्हाळ्यात पाण्यासाठी डोक्यावर हंडा घेऊन दऱ्या चढतात. तिथे धावण्याचे बूट घालून फिरणाऱ्या बाईने हक्काची भाषा करावी का? हे मध्यमवर्गीय चोचले नाहीत का?

हा आक्षेप मी हलका मानत नाही. माझे बूट पाड्यावरच्या मजूर बाईच्या कितीतरी दिवसांच्या मजुरीचे आहेत. मी धावून आले की गरम पाणी नळाला येतं. म्हणून मी हा प्रश्न जिचा आहे तिलाच विचारला. आमच्या गटातल्या एका बाईला म्हटलं, "तुला वेळ मिळाला तर तूही माझ्याबरोबर धावशील का?" ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "ताई, मला वेळ मिळाला तर मी बसेन."

या उत्तराने माझी चांगलीच जिरली. तोवर मला वाटत होतं की सगळ्या बायकांनी धावलं पाहिजे, धावण्यातच मुक्ती. तिने मला सांगितलं की तिचं शरीर आधीच थकलेलं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीप्रमाणे महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. ज्या बाईच्या अंगात रक्त नाही तिला "फिट राहा" म्हणणं ही क्रूर थट्टा आहे. तिला आधी जेवण, लोह, दारात नळ आणि बसायला वेळ हवा.

पण मैत्रिणींनो, नीट पाहिलं तर तिची मागणी आणि माझी मागणी एकच आहे. दोघींनाही स्वतःच्या शरीरावर आणि स्वतःच्या वेळेवर आपला ताबा हवा आहे. तो मिळाला तर ती बसेल, मी धावेन, तिसरी झोपेल, चौथी गाणं म्हणेल. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळेच्या वापराच्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात असं दिसलं, पुरुषाची ९७. २०२४ च्या पाहणीत बाईची मिनिटं २८९ झाली. पाच वर्षांत दहा मिनिटांची क्रांती! आणि पुरुषांची ९७ वरून ८८ वर घसरली. बाईची दहा मिनिटं वाचली ती नवऱ्याने उचलली म्हणून नाही, एवढं यातून स्पष्ट दिसतं.

पाण्याचा हंडा आणि धावण्याचे बूट यांना एकमेकांसमोर उभं करणं आपण थांबवलं पाहिजे. हंडा वाहणं हा व्यायाम नाही, ते बिनपगारी काम आहे. एका बाईचं कष्टाचं धावणं दाखवून दुसरीचं आनंदाचं धावणं बंद करता येत नाही; उलट पहिलीलाही आनंद मिळायला हवा, असं म्हणता येतं. नाहीतर आपण बाईला पुन्हा तेच सांगतो जे घर सांगत आलं. आधी सगळ्यांचं होऊ दे, मग तुझं. सगळ्यांचं कधी होत नाही.

कौतुकाचे सापळे

धावणाऱ्या बाईचं कौतुक समाजाला येतच नाही असं नाही. कोणत्या बाईचं येतं ते बघा.

बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये साठी ओलांडलेल्या लता करे नऊवारी नेसून, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. नवऱ्याच्या तपासणीसाठी पैसे नव्हते म्हणून त्या धावल्या. त्यांच्यावर 'लता भगवान करे' हा मराठी चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला. त्यांच्या जिद्दीला माझा सलाम आहे. पण पेपरांनी ती गोष्ट सांगितली कशी? आधुनिक सावित्री म्हणून! मजुरी करून पोट भरणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याला तपासणीसाठी शर्यत का जिंकावी लागते, सरकारी आरोग्यसेवा कुठे होती, हे फार थोड्यांनी विचारलं. बाई नवऱ्याच्या जिवासाठी धावली की व्यवस्थेचं पाप पुण्यात जमा होतं. क्रांती साळवी २०१८ साली बर्लिनची पूर्ण मॅरेथॉन नऊवारीत चार तासांच्या आत धावल्या. तीच नऊवारी, पण एकीने ती निवडली होती आणि दुसरीकडे निवडायला काही नव्हतं. फोटोत हा फरक दिसत नाही.

नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक घेऊन आली. तेव्हापासून प्रत्येक भाषणात आदिवासी मुलींना तिचं उदाहरण दिलं जातं. जरूर द्यावं. पण पदक न मिळवणाऱ्या हजारो मुलींना मैदान कुठे आहे? पदकाशिवाय बाईला धावता येत नाही का? मी वसई-विरारला अर्धी मॅरेथॉन धावले. माझा नंबर सांगण्याजोगा आला नाही, आणि कुणाच्या ढालीसाठी मी धावत नव्हते, याचा मला शाळेतल्या सगळ्या ढालींपेक्षा जास्त आनंद झाला.

दुसरा सापळा गुलाबी रंगाचा. ८ मार्च आला की 'महिला दौड' निघते. गुलाबी टी-शर्ट, केळं, पाण्याची बाटली, साहेबांच्या हस्ते झेंडा. एका वर्षी अशाच एका दौडीत मला वसाहतीतल्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम करणाऱ्या ओळखीच्या मुली भेटल्या. कंत्राटदाराने त्यांना रविवारी सकाळी हजर राहायला सांगितलं होतं. दौड ज्यांनी पुरस्कृत केली त्यांच्याच आवारात या मुलींना वापरण्याजोगा संडास नव्हता. त्या पाळीवर येण्याआधी पाणी पिणं टाळत होत्या. पाठीवर छापलं होतं, 'सशक्त नारी'. ८ मार्च हा कामगार बायकांच्या लढ्यातून आलेला दिवस आहे. तो आपण केळं आणि टी-शर्टवर विकू देणार असू तर दोष फक्त पुरस्कर्त्यांचा नाही.

ही हवा कुणी श्वासात घ्यायची?

तारापूर-बोईसरला धावणारी बाई हवेबद्दल बोलल्याशिवाय राहू शकत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक पट्ट्याला ९३.६९ गुण मिळाले. हे गुण जितके जास्त तितकं प्रदूषण जास्त. देशात आमचा पहिला नंबर आला. किनाऱ्यावरच्या मच्छीमार समाजाने, अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने, हरित लवादात वर्षानुवर्षं दाद मागितली, आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने इथल्या कारखान्यांना नुकसानभरपाई भरायचा आदेश दिला. खाडीतली मासळी गेली की पहिल्यांदा कुणाची पाटी रिकामी होते? कोळणीची.

धावताना माणूस बसल्यापेक्षा कितीतरी पट हवा आत घेतो. पहाटे उग्र वास आला की माझा घसा आधी सांगतो आणि मी माघारी फिरते. रविवारी ओहोटी असली तर चिंचणीच्या ओल्या वाळूवर धावते. मला माघारी फिरता येतं. त्याच वासात सकाळच्या पाळीला चालत जाणारी कंत्राटी कामगार बाई माघारी फिरली तर तिचा खाडा पडतो. धावायला लागले नसते तर हा फरक मला अहवालातल्या एका ओळीइतकाच कळला असता. धावण्याने मला चळवळीपासून दूर नेलं असं ज्यांना वाटतं त्यांनी याचा विचार करावा.

तर मग काय करायचं?

नुसतं रडून उपयोग नाही, म्हणून काही ठोस मागण्या मांडते.

ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्चायचे असतात. दरवर्षी त्यातून शिलाई मशीन येतं, म्हणजे आणखी काम. यंदा ग्रामसभेत उठून म्हणू या, या पैशातून मैदानाला दिवे, कडी लागणारा आणि पाणी असलेला संडास, आणि बसायला चार बाकं द्या. २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा आपल्या आहेत. त्यांचा उपयोग इथे होऊ दे.

शाळांची मैदानं सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी बायकांना खुली व्हावीत. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या स्पर्धांत तिशीच्या, चाळिशीच्या पुढच्या बायकांचा गट असावा, कबड्डीचाही. पहाटेच्या गस्तीची वाहनं बाजारपेठेपुरती न राहता चालण्या-धावण्याच्या रस्त्यांवर यावीत. औद्योगिक वसाहतीतल्या हवेची रोजची मोजणी स्टेशनसारख्या ठिकाणी मराठीत फलकावर लागावी, म्हणजे बाई ती वाचून ठरवेल.

आणि शेवटची मागणी आपल्या स्वतःकडे. आपल्या शिबिरांच्या वेळापत्रकात दोन दिवस बौद्धिकं असतात. त्यात एक तास खेळाला द्या. गाण्यांना देतो तसा. ज्यांना खेळायचं नाही त्यांनी बसावं, कुणी त्यांना उठवू नये. कार्यकर्तीने थकून आजारी पडणं म्हणजे निष्ठा, ही समजूत आपण पुरुषी राजकारणाकडून उसनी आणली आहे. ती परत करू या.

हे सगळं लिहून झाल्यावर मी ताईंना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "पटलं काही, काही नाही पटलं. छाप. पण पुढच्या शिबिराला वेळेवर ये." वेळेचं त्यांचं म्हणणं बरोबरच आहे, ते मी मान्य करते. बाकीच्यावर आमचा वाद चालू आहे. तुमच्या गावात बायकांना मैदान आहे का, ते कुणाच्या ताब्यात आहे आणि तुम्ही शेवटचं कधी खेळलात, हे पुढच्या अंकासाठी जरूर लिहून पाठवा.